तापमान आणि चुंबकातील लाटा : प्रस्तावना

मराठवाड्यातल्या वाशी तालुक्यात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, आणि त्याखाली कातळ. बालाघाटाच्या पठारावरचा हा कातळ म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. पाऊस ओसरल्यावर ओढ्याच्या वाळूतून जुन्या स्पीकरमधला चुंबक फिरवला तर त्याला बारीक काळी भुकटी चिकटते आणि बोटांनी निपटली तरी सहज सुटत नाही. कातळ झिजून मोकळे झालेले हे मॅग्नेटाइटचे कण असतात. त्यात थोडाफार टायटॅनियमही मिसळलेला असतो. कण चिमटीत धरता येणार नाहीत इतके लहान, पण तापमान वाढले की चुंबकाच्या आत काय घडते या प्रश्नाची दोन अतिशय वेगळी दालने त्यांच्यापासून उघडतात. एक भूविज्ञानाचे आहे, दुसरे क्वांटम भौतिकीचे. प्रस्तुत पुस्तक दुसऱ्या दालनात शिरते. मराठवाड्यातल्या वाचकाने मात्र पहिल्यातून गेलेले बरे.

लाव्हा बाहेर पडला तेव्हा त्याचे तापमान अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास होते. त्या उष्णतेत मॅग्नेटाइट चुंबक नसतो. ज्याच्या वर चुंबकत्व उरत नाही ते क्युरी तापमान शुद्ध मॅग्नेटाइटसाठी सुमारे ५८० अंश आहे. टायटॅनियम जितका जास्त तितके ते खाली येते. लाव्हा थंड होत या रेषेखाली उतरला तेव्हा कणांमधील चुंबकत्व जागे झाले आणि त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांनी धरून ठेवली. १९५० च्या दशकात लंडनमधील पी. एम. एस. ब्लॅकेट यांच्या प्रेरणेने दख्खनच्या खडकांची मोजमापे सुरू झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे आणि सी. राधाकृष्णमूर्ती यांनी हे काम पुढे नेले. खडकातील दिशा आजच्या दिशेशी जुळत नव्हती. लाव्हा थिजला तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, साधारण तीस अंश दक्षिण अक्षांशाजवळ. आज वाशी अठरा-साडेअठरा अंश उत्तरेला आहे. खंड सरकतात हे जगाला पटवून देणाऱ्या पुराव्यांत दख्खनच्या काळ्या दगडाचा वाटा आहे, आणि तो पुरावा टिकला तो केवळ तापमान व चुंबकत्व यांच्या नात्यामुळे.

आता दुसरे दालन. क्युरी तापमानाच्या वर चुंबकत्व नाही आणि खाली आहे, एवढे शाळा-महाविद्यालयाच्या पुस्तकात येते. पण ५८० अंशांपासून ओढ्याच्या वाळूतल्या तीस अंशांपर्यंत, आणि तिथून निरपेक्ष शून्यापर्यंत, आत काय चालू असते? चुंबकाची ताकद मधल्या प्रत्येक तापमानाला वेगळी असते. ती कोणत्या नियमाने घटते आणि घटवणारे असते तरी कोण? मराठीत चुंबकत्वावर जे काही लिहिले गेले आहे ते बहुतेक क्युरी तापमानाच्या उंबरठ्यावर थांबते, आणि खरी भौतिकी तर त्या मधल्या पट्ट्यात आहे.

लोहचुंबकात प्रत्येक अणूजवळ स्पिनमुळे आलेले एक लहानसे चुंबकीय आघूर्ण असते. शेजारच्या अणूंमध्ये जो विनिमय परस्परसंबंध असतो, त्यामुळे सगळी आघूर्णे एका दिशेने उभी राहतात. निरपेक्ष शून्याला ही शिस्त पूर्ण असते. थोडी उष्णता दिली की ती बिघडते. पण एखादेच आघूर्ण सपशेल उलटते आणि बाकीची सरळ राहतात, असे होत नाही. तसे करायला फार ऊर्जा लागते. त्याऐवजी ती उलथापालथ असंख्य अणूंमध्ये वाटली जाते. हुरड्याला आलेल्या ज्वारीवरून वाऱ्याची झुळूक गेली की एकही ताट मोडत नाही, प्रत्येक थोडेसे कलते, शेजारचे त्याहून किंचित उशिरा कलते, आणि बांधावरून पाहणाऱ्याला शेतभर लाट गेलेली दिसते. स्फटिकातील आघूर्णे अशीच आपापल्या अक्षाभोवती थोडी कलून फिरतात, प्रत्येक शेजाऱ्यापेक्षा जरा मागे. हाच स्पिन तरंग. क्वांटम नियमांप्रमाणे या तरंगाची ऊर्जा ठरावीक हप्त्यांत येते, आणि अशा एका हप्त्याला मॅग्नॉन म्हणतात. एक मॅग्नॉन निर्माण झाला की संपूर्ण चुंबकाचे स्पिन नेमके एका एककाने कमी होते. चुंबक तापून क्षीण होतो याचा सूक्ष्म अर्थ असा, की त्यात मॅग्नॉनांची गर्दी वाढते.

ही गर्दी मोजण्याची पहिली रीत फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० मध्ये दिली. मॅग्नॉनांची मोजणी सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या सांख्यिकीने होते. लोहचुंबकात लांब तरंगाला फार कमी ऊर्जा लागते, आणि तरंगलांबी निम्मी केली की ऊर्जा चौपट होते. त्यामुळे तापमान चौपट केले तर आधीपेक्षा निम्म्या लांबीपर्यंतचे तरंग आवाक्यात येतात. स्फटिकाला लांबी, रुंदी, उंची या तीन दिशा आहेत. तिन्हींत दुप्पट म्हणजे एकूण आठपट मॅग्नॉन, म्हणून चुंबकनातील, म्हणजे चुंबकाच्या ताकदीतील, घटही आठपट. तापमानाच्या दीड घाताचा ब्लॉखचा नियम एवढ्या साध्या हिशेबात बसतो. पंचवीस केल्विनला जी घट असेल तिच्या आठपट घट शंभर केल्विनला. प्रत्यक्ष आकडे पाहिले तर लोखंड खोलीच्या तापमानाला शून्य केल्विनच्या मानाने फक्त दोन टक्के चुंबकन गमावते, निकेल मात्र सुमारे पाच टक्के. लोखंडाचे क्युरी तापमान १०४३ केल्विन आणि निकेलचे सुमारे ६३०, हे लक्षात घेतले की फरकाचे कारण उमगते.

ब्लॉखच्या आधीची वाटही लहान नव्हती. पिएर क्युरी यांनी १८९५ मध्ये तापमानाप्रमाणे पदार्थांचे चुंबकीय वर्तन कसे बदलते याची पद्धतशीर मोजमापे प्रसिद्ध केली. पिएर वाइस यांनी १९०७ मध्ये प्रत्येक अणूवर बाकी सर्वांचे मिळून एक सरासरी क्षेत्र काम करते अशी कल्पना मांडली. हे क्षेत्र इतके प्रबळ का, याचे उत्तर १९२८ मध्ये वेर्नर हायझेनबर्ग यांच्या विनिमयाच्या सिद्धांताने दिले. वाइसचे चित्र क्युरी तापमानाजवळ बरेचसे कामी येते. कमी तापमानाला मात्र ते चुकते, कारण त्यात प्रत्येक आघूर्ण एकेकटे डळमळते. लाट त्या चित्रात मुळातच नाही. त्यामुळे वाइसच्या हिशेबात थंड चुंबकाची घट प्रत्यक्षाहून फारच कमी येते. चुंबकत्व ही सामूहिक गोष्ट आहे, हे पटायला थंड चुंबकाचे मोजमाप करावे लागले, ही बाब या पुस्तकात वारंवार जाणवेल.

ब्लॉखने तरंग एकमेकांना ओळखतच नाहीत असे धरले होते. गर्दी वाढली की ते एकमेकांवर आदळणारच. १९४० मध्ये होल्स्टाइन आणि प्रिमाकॉफ यांनी या टकरी मांडण्याची गणिती भाषा तयार केली. टकरींमुळे ब्लॉखचा नियम लवकर ढासळत असावा, अशी शंका अनेकांना होती. फ्रीमन डायसन यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले की परिणाम समजला जात होता त्याहून कितीतरी सौम्य आहे. चुंबकनात तो तापमानाच्या चौथ्या घाताने येतो. म्हणजे थंड चुंबकात मॅग्नॉन एकमेकांना जवळजवळ न अडवता जातात. तापमान चढत गेले की प्रत्येक तरंग बाकीच्यांमुळे किंचित मऊ होतो. त्याच तरंगलांबीसाठी लागणारी ऊर्जा घटते, त्याचे आयुष्य कमी होते, आणि क्युरी तापमानाकडे जाता जाता लांब तरंगांचा ताठपणा शून्याकडे झुकतो.

सगळे चुंबक लोहचुंबक नसतात. लुई नेएल यांनी दाखवले की काही पदार्थांत शेजारची आघूर्णे उलटसुलट उभी राहतात आणि बाहेरून चुंबकत्व दिसतच नाही; तर काहींत दोन गट असमान असल्याने उरलेले चुंबकत्व दिसते. मॅग्नेटाइट आणि इतर फेराइट दुसऱ्या प्रकारात मोडतात. उलटसुलट मांडणीच्या पदार्थांत लांब तरंगाची ऊर्जा तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, ध्वनीच्या तरंगासारखी. त्यामुळे त्यांची विशिष्ट उष्णता तापमानाच्या तिसऱ्या घाताने वाढते. स्फटिकाच्या कंपनांचा नियमही तोच, म्हणून दोघांचा वाटा वेगळा काढणे प्रयोगकर्त्याला जड जाते. याशिवाय स्फटिकाला स्वतःची आवडती दिशा असेल तर कोणताही तरंग उठवायला किमान ठरावीक ऊर्जा द्यावीच लागते. ही फट असली की खूप कमी तापमानाला मॅग्नॉन जवळजवळ गोठतात आणि ब्लॉखचा दीड घात तिथे लागू पडत नाही.

या क्षेत्रातला सर्वांत मोठा वाद धातूंवरून झाला. हायझेनबर्गच्या परंपरेत आघूर्ण अणूशी बांधलेले असते. एडमंड स्टोनर यांनी १९३० च्या दशकात दुसरी बाजू मांडली. लोखंड-निकेलमध्ये चुंबकत्व आणणारे इलेक्ट्रॉन तर स्फटिकभर हिंडतात, मग आघूर्ण कोणत्या अणूचे म्हणायचे? पहिल्या पक्षाप्रमाणे तरंगाचा ताठपणा तापमानाच्या अडीच घाताने घटायला हवा, दुसऱ्याप्रमाणे वर्गाने. आलेखावर या दोन वक्रांत फरक इतका थोडा असतो, की हे भांडण केवळ एका मोजमापाने मिटणारे नव्हते. १९७३ मध्ये अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेने निकेलमध्ये क्युरी तापमानाच्या वरही स्पिन तरंगांसारखी शिखरे दिसल्याचे सांगितले. १९८० च्या दशकात ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या गटाने अशा शिखरांचा वेगळा अर्थ लावला. दरम्यान जपानमध्ये तोरू मोरिया यांनी स्पिनच्या चढउतारांचा असा सिद्धांत उभा केला की ज्यात दोन्ही टोके एकाच चौकटीत येतात. आज कोणीही शुद्ध एका पक्षाचे राहिलेले नाही. तरीही एखादा नवा धातू हाती आला की पहिला प्रश्न हाच विचारला जातो, आणि तो तापमान बदलूनच विचारता येतो.

हे तरंग पाहायचे कसे, याचे उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी येऊन भिडते. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो पण चुंबकीय आघूर्ण असते. अणुभट्टीत मंद झालेल्या न्यूट्रॉनची तरंगलांबी अणूंमधील अंतराएवढी, आणि ऊर्जा सुमारे २५ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे मॅग्नॉनच्याच घरातली. असा न्यूट्रॉन स्फटिकात शिरून मॅग्नॉन निर्माण करतो किंवा आधीच असलेला गिळतो, आणि तेवढी ऊर्जा गमावून किंवा कमावून बाहेर येतो. कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी १९५७ मध्ये या रीतीने स्पिन तरंग टिपले, आणि त्यासाठी वापरलेला स्फटिक होता मॅग्नेटाइटचा. ओढ्याच्या वाळूतल्या काळ्या भुकटीचे हेच खनिज. त्याच सुमारास मुंबईहून गेलेले पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार ब्रॉकहाउस यांच्यासोबत जर्मेनियमच्या स्फटिकातील कंपने मोजत होते. ब्रॉकहाउस यांना १९९४ चे नोबेल क्लिफर्ड शल यांच्यासोबत मिळाले. अय्यंगार परतले ते हे तंत्र घेऊन, आणि मुंबईतील तुर्भ्याला (ट्रॉम्बे) न्यूट्रॉन प्रकीर्णनाची शाळा उभी राहिली.

तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने बांधलेली सायरस आली आणि ८ ऑगस्ट १९८५ रोजी १०० मेगावॉटची ध्रुव. सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली. ध्रुवभोवती आज न्यूट्रॉनची उपकरणे मांडलेली आहेत, त्यांत चुंबकीय रचना शोधणारी आहेत आणि त्रि-अक्ष वर्णपटमापकही आहे. त्याच्या तीन अक्षांपैकी पहिल्यावरचा स्फटिक हवी ती ऊर्जा असलेले न्यूट्रॉन निवडतो, दुसऱ्यावर नमुना असतो, तिसऱ्यावरचा स्फटिक बाहेर पडलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा तपासतो. नमुना शीतकात ठेवून तापमान एकेक पायरीने चढवत नेतात. थंड असताना आलेखावर अरुंद शिखर उभे असते. तापमान वाढले की ते कमी ऊर्जेकडे सरकते, पायथ्याशी रुंद होते, आणि ऊर्जा कमावून आलेल्या न्यूट्रॉनच्या बाजूलाही दुसरे शिखर वर येऊ लागते, कारण गिळायला आता मॅग्नॉन उपलब्ध झालेले असतात. दोन्ही शिखरांच्या उंचीच्या गुणोत्तरावरून नमुन्याचे तापमान काढता येते. या विषयाची गोडी लागायला असा एक आलेख नीट वाचणे पुरेसे आहे, आणि पुस्तकाने तो सावकाश वाचायला शिकवले आहे.

न्यूट्रॉन हीच एक वाट नाही. सूक्ष्मतरंगांच्या अनुनादाने सर्वांत लांब तरंग पकडता येतात, तर प्रकाशाच्या प्रकीर्णनाने त्यांच्या नंतरचे. रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलेला परिणाम १९६० च्या दशकात मॅग्नॉनांसाठीही वापरला जाऊ लागला. सर्वांत स्वस्त वाट मात्र चुंबकन आणि तापमान यांच्या साध्या आलेखाची. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि त्यांच्याशी जोडलेल्या महाविद्यालयांत फेराइटवर गेली अनेक वर्षे काम झालेले आहे. भुकटी बनवणे, भाजणे, क्ष-किरणांनी रचना पाहणे, चुंबकन मोजणे यांत इथल्या विद्यार्थ्यांचा हात बसलेला आहे. तोच नमुना थंड करून मोजला आणि घटीला ब्लॉखच्या नियमाशी ताडून पाहिले तर विनिमयाची ताकद हाती लागते. कण अतिसूक्ष्म असतील तर दीड हा घातच बदलतो, कारण लहान कणात लांब तरंगाला जागाच नसते. एवढी समृद्ध भौतिकी आपल्याकडच्या प्रबंधांतून बऱ्याचदा न विचारता राहते. या पुस्तकाची गरज सर्वांत जास्त तिथे आहे.

वाशीच्या हवामानात उत्तम बसणारे उदाहरण म्हणजे गॅडोलिनियम. या विरळ मृदा धातूचे क्युरी तापमान सुमारे २९३ केल्विन, म्हणजे २० अंश सेल्सिअस. डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरतो तेव्हा गॅडोलिनियमचा तुकडा चुंबकाला घट्ट चिकटेल. मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर तोच तुकडा जेमतेम ओढला जाईल. थंडीचा गारठा आणि उन्हाळ्याचा तडाखा यांच्या मधोमध एका मूलद्रव्याचे चुंबकत्व उगवते आणि मावळते. क्युरी तापमानाजवळ चुंबकीय क्षेत्र लावले की हा धातू तापतो, काढून घेतले की थंड होतो. वायूविना चालणारी शीतयंत्रे बनवण्याचे प्रयोग याच गुणावर उभे आहेत. १९७६ मध्ये जी. व्ही. ब्राउन यांनी नासात गॅडोलिनियम वापरून त्याची शक्यता दाखवली.

विषय जुना असला तरी गेल्या वीस वर्षांत त्याने नवी उचल घेतली आहे. २००६ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टरच्या गटाने यिट्रियम-आयर्न गार्नेटच्या पातळ थरात खोलीच्या तापमानाला मॅग्नॉनांचे बोस-आइन्स्टाइन संघनन, म्हणजे असंख्य मॅग्नॉन एकाच अवस्थेत जमणे, घडवल्याचे जाहीर केले. एरवी अशा अवस्थेसाठी अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ न्यावे लागतात. २००८ मध्ये जपानमध्ये स्पिन सीबेक परिणाम नोंदला गेला आणि २०१० मध्ये तो विद्युतरोधक चुंबकातही दिसला. चुंबकाचे एक टोक तापवले की स्पिनचा प्रवाह वाहतो, आणि रोधकात तो इलेक्ट्रॉनांऐवजी मॅग्नॉन वाहून नेतात. तापमान इथे चुंबकाला दुबळे करत नाही, उलट त्याला कामाला लावते. विद्युतप्रवाहाविना माहिती नेणारी मंडले या तरंगांवर बांधता येतील का, यावर जगभर काम चालू आहे.

तिसरी घटना द्विमितीय पदार्थांची. १९६६ मध्ये मर्मिन आणि वाग्नर यांनी सिद्ध केले होते की सर्व दिशा सारख्या असलेल्या एकाच थराच्या चुंबकात शून्यापेक्षा जास्त कोणत्याही तापमानाला शिस्त टिकू शकत नाही. ब्लॉखचाच हिशेब दोन दिशांत केला तर लांब तरंगांची संख्या अमर्याद निघते. तरीही २०१७ मध्ये क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या एका थरात ४५ केल्विनपर्यंत लोहचुंबकत्व आढळले. तिथे आधी सांगितलेली फट उपयोगी पडते. स्फटिकाची आवडती दिशा लांब तरंगांना स्वस्तात उठू देत नाही.

रोजच्या व्यवहारातही हा प्रश्न येतो. विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या मोटारीत निओडिमियम-लोह-बोरॉनचे चुंबक असतात. त्यांचे क्युरी तापमान सुमारे ३१२ अंश असले तरी साध्या प्रतीचे चुंबक सुमारे ८० अंशांपर्यंतच वापरावे लागतात, कारण क्युरी तापमानाच्या बरेच आधी विरुद्ध क्षेत्राला तोंड देण्याची त्यांची ताकद घसरते. रणरणत्या उन्हात चढ चढणाऱ्या मोटारीसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. चुंबक कधी संपतो हे क्युरी तापमान सांगते; तो कुठवर कामाचा राहतो, हे समजायला मधला पट्टा नीट पाहावा लागतो.

पुस्तक याच मधल्या पट्ट्यासाठी लिहिलेले आहे. दहावी-बारावीपर्यंत मराठीत शिकून पुढे इंग्रजी पाठ्यपुस्तकांशी झगडणारा विज्ञान शाखेचा विद्यार्थी त्याचा मुख्य वाचक आहे. कलनशास्त्र आणि क्वांटम यामिकीची तोंडओळख असेल तर पुरे. होल्स्टाइन-प्रिमाकॉफ यांची रीत पायरी न गाळता दिली आहे, आणि जिथे जिथे सूत्र आले आहे तिथे लोखंड, निकेल किंवा मॅग्नेटाइटचे आकडे घालून ते तपासले आहे. डायसनचे मूळ गणित मात्र टाळले आहे, आणि ते योग्यच झाले. त्याचा निष्कर्ष समजणे पहिल्या वाचनाला पुरेसे आहे. अब्जांश सेकंदाहूनही कितीतरी लहान काळात लेझरने चुंबक विझवण्याचे प्रयोग, जे १९९६ मध्ये निकेलच्या पातळ थरावर सुरू झाले, त्यांना थोडी अधिक जागा मिळायला हवी होती. तिथे तापमान या शब्दाचाच अर्थ डळमळतो, कारण इलेक्ट्रॉन, स्पिन आणि स्फटिक यांची तापमाने काही क्षण वेगवेगळी असतात.

मॅग्नेटाइटचेही सगळे सुटलेले नाही. १९३९ मध्ये व्हेरवाय यांनी अभ्यासलेला बदल, ज्यात साधारण १२० केल्विनखाली त्याची विद्युतवाहकता एकदम कोसळते, अजूनही संशोधनाचा विषय आहे. त्या तापमानाखाली स्पिन तरंगांच्या आलेखातही फट पडलेली न्यूट्रॉन प्रयोगांत दिसली आहे. हे वाचून ज्याला स्वतः मोजावेसे वाटेल त्याच्यासाठी दार बंद नाही. विद्यापीठे आणि महाविद्यालयांतील शिक्षकांना व संशोधक विद्यार्थ्यांना यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संघाच्या मुंबई केंद्रामार्फत ध्रुववरच्या न्यूट्रॉन शलाकेसाठी प्रस्ताव पाठवता येतो. प्रस्तावात नमुना कोणता, तापमानाचा पट्टा कोणता आणि त्या पट्ट्यात नेमके काय शोधायचे, हे स्पष्ट लिहावे लागते. ते कसे ठरवायचे याचा सराव पुस्तकातल्या उदाहरणांत भरपूर आहे.